‘शेतकऱ्याचा असूड’ आणि स्टांपाचे कागद : एक परीक्षण

जोतीराव गोविंदराव फुले ह्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ इ. स. १८८३ सालीं लिहून पुरा झाला. त्याचे पहिले दोन भाग ‘दीनबंधु’ पत्रांतून प्रसिद्ध झाले. पुढील भाग छापण्यास त्या पत्राचे चालक नारायण मेघाजी लोखंडे धजले नाहींत. आणि २८ नोव्हेंबर १८९० रोजीं ग्रंथकर्ते वारले, तोंपर्यंत संपूर्ण ग्रंथ छापून लोकांच्या हातीं पडला नव्हता. पुढें १९६९ सालीं महाराष्ट्र राज्य साहित्य-संस्कृति मंडळानें फुल्यांचें समग्र वाङ्मय प्रसिद्ध केलें, त्यांत तो सर्वांस सुलभ झाला. तेव्हांपासून समाजसुधारणेच्या दृष्टीनें ह्या ग्रंथावर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु करपद्धति व न्यायपद्धति ह्यांच्या इतिहासाचें एक साधन ह्या नात्यानें त्याची जी पारख संशोधकांनीं करावयास पाहिजे, ती पुरेशी झालेली आम्हांस दिसत नाहीं. ती करण्याचा हा एक अल्प प्रयत्न होय.

जुनीं दफ्तरें चाळणाऱ्या मंडळींत ह्या ग्रंथाविषयीं दोन टोकांचीं मतें ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो कीं, हा पक्षाभिमानानें लिहिलेला ग्रंथ आहे. ह्यांत कालनिर्देश थोडे, आंकडे त्याहून थोडे, आधार तर नाहींतच. सबब साधन म्हणून ह्याची किंमत नाहीं. दुसरा पक्ष म्हणतो कीं, ह्यांतील अक्षर न् अक्षर रयतेच्या अनुभवाचें आहे, तें तपासून पाहणें हाच ग्रंथकर्त्याचा अवमान होय. आमच्या मतें हीं दोन्ही मतें एकाच आळसाचीं दोन रूपें आहेत, कारण दोहोंनींही तपासणीचे श्रम तेवढे वांचतात. बखरींच्या बाबतींत आम्ही असें वागत नाहीं. बखरकार आपल्या धन्याच्या बाजूनें लिहितो हें ठाऊक असूनही आम्ही बखर फेंकून देत नाहीं. पत्रांशीं, शकावलीशीं, फारसी तवारिखांशीं ताडून तिच्यांतील ग्राह्य भाग घेतों. तोच न्याय ‘असूडा’स लावला पाहिजे. ह्या ग्रंथाशीं ताडून पाहावयाचीं साधनें म्हणजे त्या काळचे कायदे, सरकारी चौकशीचे अहवाल, आणि खुद्द शेतकऱ्यांच्या घरचे स्टांपाचे कागद. पहिलीं दोन छापलेलीं आहेत. तिसरें साधन आमच्या डोळ्यांदेखत नष्ट होत आहे. त्याविषयीं शेवटीं लिहूं.

ग्रंथाचीं प्रकरणें पांच. पहिल्यांत जन्मापासून मरणापर्यंत व चैत्रापासून फाल्गुनापर्यंत धर्माच्या निमित्तानें शेतकऱ्याकडून काय काय उकळलें जातें ह्याची यादी आहे. दुसऱ्यांत गोरे कामगार ऐषआरामी असल्यामुळें त्यांस खरी स्थिति कळत नाहीं व सर्व खात्यांत कारकूनवर्गाचें प्राबल्य कसें वाढलें आहे हें सांगितलें आहे. तिसऱ्यांत आर्यांच्या आगमनाची उपपत्ति व चालू सरकारच्या नव्या नव्या करांची हकीकत. चौथ्यांत शेतकऱ्याच्या व शेतकीच्या हल्लींच्या स्थितीचें वर्णन. पांचव्यांत शेतकऱ्यांस सूचना व सरकारास उपाय. ग्रंथ मुंबई, पुणें, ठाणें, जुन्नर, ओतूर, हडपसर इत्यादि ठिकाणीं लोकांस वाचून दाखविला गेला, व बडोद्यास श्रीमंत सयाजीराव गायकवाड ह्यांनींही तो ऐकला. ही गोष्ट परीक्षकानें विसरतां कामा नये. हा कानांनीं ऐकावयाचा ग्रंथ आहे. त्यांतील पुनरुक्ति, लांबच लांब वाक्यें व याद्यांवर याद्या हीं छापील निबंधांत दोष ठरतील. पण चावडीपुढें बसलेल्या निरक्षर श्रोत्यांस तीं अडचण करीत नाहींत, उलट मदतच करितात.

प्रथम कराचा प्रश्न घेऊं. ‘असूडां’तील तक्रारींची सरकारी कागदांवरून शहानिशा केली तर बहुतेक टिकतात. मूळ सारा हा एक भाग. इंदापूर तालुक्यांत १८३६ सालीं गोल्डस्मिड व विंगेट ह्यांनीं जी पाहणी सुरू केली, तिचा नमुना पुढें दख्खनभर लागू झाला. दर तीस वर्षांसाठीं ठरविले जात. त्यामुळें पहिल्या पाहणीच्या मुदती संपून फेरपाहणीचे वाढीव आकार बसूं लागले ते नेमके १८७० च्या आगेमागें. म्हणजे अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें चढलेले कापसाचे भाव उतरल्यावर. त्यावर लोकलफंडाची पट्टी, रुपयास एक आणा; ती १८६९ सालच्या मुंबई इलाख्याच्या तिसऱ्या कायद्यानें कायम झाली. सोळा रुपये साऱ्याच्या धन्यास वर्षाकाठीं एक रुपया अधिक, व तो कशासाठीं म्हणाल तर सडका व शाळा ह्यांसाठीं. ह्या शाळांचा लाभ शेतकऱ्याच्या मुलांस किती होतो हा प्रश्न जोतीरावांनीं ‘असूडां’त तर विचारलाच, पण १८८२ च्या ऑक्टोबरांत हंटर शिक्षण-कमिशनापुढें दिलेल्या इंग्रजी निवेदनांतही विचारला. एकच मनुष्य एकच गोष्ट रयतेपुढें तिच्या भाषेंत व सरकारापुढें सरकारच्या भाषेंत सांगतो, आणि दोहोंत तफावत पडत नाहीं, तेव्हां ती केवळ आवेशाच्या भरांत लिहिली गेली असें म्हणतां येत नाहीं. मिठावरील कर १८८२ सालीं मणामागें दोन रुपये ठरला, व ही सूट समजली गेली, कारण तत्पूर्वीं तो मुंबई इलाख्यांत ह्याहून अधिक होता. शहराच्या नाक्यावरील जकातीचें तर जोतीरावांस घरचें ज्ञान होतें. ते स्वतः १८७६ पासून १८८२ पर्यंत पुणें नगरपालिकेचे सभासद होते.

ह्या ठिकाणीं आमच्या प्राचीन ग्रंथांचें माप लावून पाहणें अप्रस्तुत होणार नाहीं. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायांत राजानें कर कसा घ्यावा ह्यास जळू, वासरूं व भुंगा ह्यांचे दृष्टांत दिले आहेत. महाभारतांत माळी व कोळसे पाडणारा ह्यांतील भेद दाखविला आहे. सर्वांचें तात्पर्य एक : करानें झाड जिवंत राहिलें पाहिजे. मात्र ह्या दृष्टांतांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. कर घेणारा एक, व त्यास आपण किती घेतलें हें ठाऊक. १८८३ सालच्या शेतकऱ्याकडून महसूल, लोकलफंड, मीठ, जंगल, पाटबंधारे, स्टांप, रजिस्ट्रेशन व नगरपालिका अशीं आठ खातीं घेत होतीं, व एका खात्यास दुसऱ्याचा हिशेब ठाऊक नव्हता. प्रत्येक खात्याची मागणी पाहिली तर माफक दिसते. बेरीज फक्त शेतकऱ्याच्या घरीं होते. ही बेरीज एका ठिकाणीं करून दाखविणारा मराठी ग्रंथ ह्या दृष्टीनें ‘असूड’ आहे, व तेंच त्याचें साधन म्हणून पहिलें मोल होय.

आतां कायद्याचा गुंता. जोतीरावांचा जन्म १८२७ सालचा. त्याच सालीं एल्फिन्स्टन साहेबाच्या नांवानें ओळखली जाणारी मुंबई इलाख्याची कायदेसंहिता अमलांत आली. ती संहिता आटोपशीर होती. पुढें काय झालें ह्याची आम्ही एक लहानशी यादी देतों, कारण ‘असूडां’त ती नाहीं व तिच्यावांचून ‘असूडां’तील वैताग समजत नाहीं. दिवाणी कामाच्या रीतीचा कायदा १८५९ सालीं झाला. तो बदलून १८७७ सालीं दुसरा झाला. तोही बदलून १८८२ सालीं तिसरा झाला. दाव्याच्या मुदतीचा कायदा १८५९, १८७१ व १८७७. रजिस्ट्रेशनचा कायदा १८६४, १८६६, १८७१ व १८७७. स्टांपाचा कायदा १८६२, १८६९ व १८७९. कोर्ट-फीचा कायदा १८७०. पुराव्याचा व कराराचा कायदा १८७२. जंगलाचा कायदा १८७८. मुंबईचा जमीन-महसुलाचा कायदा १८७९. मिळकतीच्या हस्तांतराचा कायदा १८८२. म्हणजे चोवीस वर्षांत कामाची रीत तीनदां, मुदत तीनदां, स्टांप तीनदां व नोंदणी चारदां बदलली. ज्या कुणब्यानें १८६० सालीं एक खत लिहून दिलें व ज्याच्यावर १८८० सालीं दावा झाला, त्याचें खत एका कायद्याखालीं लिहिलेलें, मुदत दुसऱ्याखालीं मोजलेली, व दावा तिसऱ्या रीतीनें चाललेला. इतके फेरबदल ध्यानांत ठेवणें तालुक्याच्या मुन्सफासही अवघड, तेथें निरक्षर वादी-प्रतिवाद्यांची काय कथा ?

ह्यांत मुदतीच्या कायद्याचें एक उदाहरण विस्तारानें पाहण्यासारखें आहे. साध्या कर्जरोख्यावर तीन वर्षांच्या आंत दावा केला पाहिजे, असें १८५९ च्या कायद्यानें ठरलें. हेतु चांगला होता. जुनाट, विसरलेल्या खतांवरून कुळास कोणी छळूं नये. परिणाम उलट झाला. तीन वर्षें भरत आलीं कीं सावकार कुळास दाराशीं गांठी : दावा करतों, नाहीं तर व्याज मुदलांत मिळवून नवें खत लिहून दे. समजा, शंभर रुपयांचें कर्ज दरमहा दर शेंकडा दोन रुपये व्याजानें काढलें. तीन वर्षांनीं नवें खत १७२ रुपयांचें. सहा वर्षांनीं सुमारें २९६ चें. नऊ वर्षांनीं ५०८ हून अधिक. तेंच कर्ज एका खतावर सरळ व्याजानें नऊ वर्षें राहिलें असतें तर मागणी ३१६ झाली असती; आणि दामदुपटीचा नियम लावला तर २०० पलीकडे गेली नसती. हा दामदुपटीचा नियम आमच्या स्मृतींचा. व्याज धरून मागणी मुदलाच्या दुपटीपलीकडे जाऊं नये असें मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत आहे. येथें प्रामाणिकपणें हेंही सांगितलें पाहिजे कीं, त्याच अध्यायांत ज्या ऋणकोस देणें शक्य नाहीं त्यानें लेख पालटून द्यावा, अशी वाटही ठेविली आहे. म्हणजे खत पालटण्याची युक्ति इंग्रजी अमदानींत जन्मली असें नव्हे. भेद इतकाच कीं, स्मृतींत तो पालट ऋणकोच्या अडचणीवर सोपविलेला आहे. १८५९ च्या कायद्यानें तो पंचांगांतील तिथीप्रमाणें दर तीन वर्षांनीं ठरून गेला. १८७५ च्या मे महिन्यांत सुपें येथें सावकारांचीं खतें जाळण्यास सुरुवात झाली, व तो वणवा पुणें-नगर जिल्ह्यांत पसरला. त्याच्या चौकशीस बसलेल्या कमिशनानेंही मुदतीच्या कायद्याचा हा परिणाम नमूद केला आहे. दंगेखोरांचा रोख माणसांपेक्षां कागदांवर अधिक होता. त्यांस वैरी कोण हें नेमकें कळलें होतें.

त्या चौकशीचें फळ म्हणजे १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा. कोर्टानें खताच्या अंकावर न थांबतां व्यवहाराच्या मुळापर्यंत जावें, समेट घडवून आणणारे गृहस्थ नेमावे, खेड्यांत मुन्सफ व नोंदणीचे कामगार असावे, इत्यादि तरतुदी त्यांत होत्या. परंतु तो प्रथम पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर ह्या चार जिल्ह्यांस लागला. १८६९ सालीं अहमदनगरपासून निराळा झालेला आमचा नाशिक जिल्हा त्यांतून वगळला गेला. दिंडोरी तालुका पूर्वींच्याच घडणीचा, सावकारी तीच, पाहणी तीच. पण वणीच्या कुळास तें संरक्षण प्रथम नव्हतें, आणि जिल्ह्याच्या हद्दीपलीकडे नगरच्या कुळास होतें. कायद्याचा गुंता म्हणतात तो हाच. उपाय म्हणून केलेला कायदाही आणखी एक हद्द, आणखी एक अपवाद घेऊन येतो.

येथवर ‘असूडा’च्या तक्रारी टिकतात हें दाखविलें. पण त्या कागदांतूनही कळत असतील तर ग्रंथाची गरज काय ? ह्याचें उत्तर चौथ्या प्रकरणांत व दुसऱ्या प्रकरणाच्या कांहीं भागांत आहे. हुकूमनाम्यावर कोर्ट-फी किती, वकिलाची फी किती, समन्साचा खर्च किती हें लिहिलेलें असतें. तारखेस गेलेले दिवस लिहिलेले नसतात. दोन शेतकऱ्यांत बांधावरून वा विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून तंटा कसा लागतो, तो कचेरींत कसा जातो, साक्षीदारांस कोण पढवितो, कारकुनाच्या हातीं काय पडतें, व अखेर दोघेही कसे बुडतात, हें ‘असूडां’त क्रमानें आलें आहे. चौथ्या प्रकरणांत सारा कमी व्हावा म्हणून साहेबाच्या तंबूकडे गेलेला शेतकरी निराश होऊन स्वतःशींच बोलत घरीं परततो, आणि मग ग्रंथकर्ता त्याच्या घराचें, गोठ्याचें, भांड्याकुंड्यांचें वर्णन करतो. जप्तीची यादी व हें वर्णन शेजारीं शेजारीं ठेवून वाचावें. बेलिफाच्या यादींत ज्या वस्तु किमतीसह येतात, त्याच ‘असूडां’त वापरांत असलेल्या दिसतात. एका साधनानें दुसरें असें उजळून निघावें, ह्याहून संशोधकास अधिक काय पाहिजे ?

पूर्वींच्या अमदानींत सर्व सोपें व स्वस्त होतें असा समज मात्र वाचकांनीं करून घेऊं नये. मोहतर्फा, पाटदाम, लग्नटका, कर्जपट्टी, नजर, भेट अशा बाबींनीं जुने ताळेबंद भरलेले आहेत, आणि दुसऱ्या बाजीरावाच्या मक्तेदारांनीं रयतेचें काय केलें हें आमच्या वाचकांस सांगणें नलगे. न्यायही फुकट नव्हता. जिंकणारा हरकी देई, हरणारा गुन्हेगारी. वतनाचे तंटे पिढ्यान् पिढ्या चालत व राज्य पालटलें कीं पुन्हां उकरले जात. तथापि एक भेद खरा आहे. गोतसभेपुढें वादी आपली तकरीर आपल्या भाषेंत देई, दोघेही आधीं राजीनामा लिहून देत, व निवाडपत्रांत दोघांचेंही म्हणणें सविस्तर येई. म्हणूनच तीनशें वर्षांपूर्वींच्या एखाद्या पाटलाचा आवाज आज आम्हांस महजरांतून ऐकूं येतो. १८५९ नंतरच्या कागदांत शेतकऱ्याचा आवाज वकिलाच्या मसुद्यांत विरून जातो, व वरिष्ठ कोर्टाचा निकाल तर इंग्रजींत. जो आवाज कोर्टाच्या कागदांतून गेला, तो ‘असूडां’त सांपडतो.

आतां दोष. ते झांकण्याचें कारण नाहीं. पहिला दोष तिसऱ्या प्रकरणाचा. इराणांतून आलेल्या आर्यांनीं येथील क्षेत्रस्थांस जिंकलें, व आजचे सर्व हाल त्या एका घटनेचे फळ, ही उपपत्ति त्या काळीं युरोपियन पंडितांत रूढ असलेल्या मतांवर बांधलेली आहे. संस्कृताचा अभ्यास केलेल्या वाचकास त्यांतील शब्दांची ओढाताण खटकेल. आणि आज भाषाशास्त्र, उत्खनन व वंशशास्त्र ह्यांनीं तो प्रश्न इतका पुढें नेला आहे कीं, तें प्रकरण इतिहास म्हणून वाचतां येणार नाहीं. तें एकोणिसाव्या शतकांतील एका विचाराचें साधन म्हणून वाचावें.

दुसरा दोष अधिक महत्त्वाचा. सर्व जाचाचें मूळ एका जातीच्या कामगारांत शोधल्यामुळें ग्रंथकर्त्याच्या हातून खुद्द कायद्याची घडण निसटली. मुदतीचा कायदा कोणा कुळकर्ण्यानें केला नव्हता. तो कलकत्त्यास झाला. १८७५ च्या दंग्यांत ज्यांचीं खतें जळलीं, त्यांत मारवाडी व गुजर सावकार मुख्यत्वें होते. कुळकर्णी, शिरस्तेदार व वकील ह्यांनीं त्या गुंत्यावर आपली पोळी भाजून घेतली हें सर्वस्वीं खरें, व तें नाकारणाऱ्यांनीं जुनीं दफ्तरें उघडून पाहावींत; पण गुंता नसता तर भाजण्यास विस्तव कोठून आला असता ? मात्र हेंही लक्षांत घ्यावें कीं, जोतीरावांनीं जातीच्या भाषेंत जी गोष्ट मांडली तिच्यामागें एक रचनेचें तत्त्व आहे. कायदा जितका अवघड, तितका वाचतां येणाऱ्या मध्यस्थाचा भाव अधिक. आणि ज्या समाजांत वाचणें पिढ्यान् पिढ्या एका वर्गाकडे राहिलें, तेथें तो भाव त्याच वर्गास मिळणार. अविद्या हें अनर्थाचें मूळ असें जें ग्रंथाच्या आरंभीं सांगितलें आहे, त्याचा कायद्याच्या बाबतींत हा रोकडा अर्थ आहे.

तिसरा दोष उपायांचा. पांचव्या प्रकरणांत बांधबंदिस्ती, तलाव, जनावरांची पैदास, शेतकीचीं प्रदर्शनें व बक्षिसें, शेतकऱ्यांच्या मुलांचें शिक्षण ह्यांविषयीं ज्या सूचना आहेत, त्या आजही वाचनीय आहेत. पण कर कमी करा म्हणून सांगतांना भिस्त शेवटीं सरकारच्या दयेवर आहे. कायदे थोडे व सोपे करा, ते रयतेच्या संमतीनें करा, ही मागणी तेथें हवी तितकी स्पष्ट होत नाहीं. ह्या बाबतींत १८७० सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकांतील लेख अधिक नेमके आहेत. त्यांत आंकडे आहेत, कलमें आहेत. उलट त्या लेखांत शेतकरी कोठेंच बोलत नाहीं. त्याच्याविषयीं सरकारशीं बोलणें चाललें आहे, तेंही इंग्रजींत. जोतीराव त्या सभेविषयीं साशंक होते व सभेच्या पुढाऱ्यांस जोतीरावांची भाषा रुचत नव्हती. दोघांचेंही नुकसान झालें, व त्याहून अधिक रयतेचें. आज आम्ही दोन्ही वाङ्मयें एकाच मेजावर ठेवूं शकतों. तेवढें तरी करावें.

हा प्रश्न केवळ पुराणवस्तूंचा नाहीं हें सांगण्यास फार लांब जाण्याची गरज नाहीं. आज शेतसारा नांवापुरता उरला आहे व शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तीचा कर नाहीं. तरी कांदा पिकविणाऱ्या आमच्या जिल्ह्यानें काय पाहिलें ? ऑगस्ट २०२३ मध्यें निर्यातीवर शेंकडा ४० कर बसला. डिसेंबरांत निर्यातच बंद झाली. मे २०२४ मध्यें बंदी उठून पुन्हां शेंकडा ४० कर आला. सप्टेंबरांत तो २० झाला. १ एप्रिल २०२५ पासून तो रद्द झाला. वीस महिन्यांच्या आंत पांच फेरफार, व पीक मात्र चाळींत. १८७८ च्या जंगल कायद्यापासून चालत आलेल्या जमिनीच्या दाव्यांसाठीं २००६ सालीं वनहक्कांचा कायदा झाला. त्याच्या अंमलासाठीं मार्च २०१८ मध्यें सहस्रावधि शेतकऱ्यांस व आदिवासींस नाशिकहून मुंबईपर्यंत पायीं जावें लागलें. १८६० चा दंडविधानाचा कायदा १ जुलै २०२४ पासून बदलला. दिवाणी कामाची रीत मात्र १९०८ च्याच संहितेवर चालली आहे. ह्यांत कोणाचें चूक, कोणाचें बरोबर, हा निर्णय देणें ह्या त्रैमासिकाचें काम नव्हे. पण ज्या वैतागाचा इतिहास आम्ही लिहितों तो अद्याप संपलेला नाहीं. म्हणून त्याचीं साधनें जपण्याची जबाबदारी अधिक.

आणि येथेंच आमच्या संग्राहक बंधूंशीं आमचें थोडें भांडण आहे. वणी-दिंडोरीचें नांव इतिहासांत येतें तें १६७० सालच्या ऑक्टोबरांत सुरतेहून परततांना श्रीशिवछत्रपतींनीं दाऊदखानाशीं केलेल्या लढाईमुळें. आणि वणीचें नांव लोकांच्या तोंडीं आहे तें सप्तशृंगीमुळें. म्हणून ह्या भागांत जुने रुमाल सोडले जातात ते सनद, इनामपत्र किंवा शिवकालीन कागद मिळेल ह्या आशेनें. तसें कांहीं न मिळालें तर तळाशीं असलेले स्टांपाचे कागद, म्हणजे कर्जरोखे, गहाणखतें, समन्सें, दरखास्ती, हुकूमनामे, पावत्या, हे ‘अलीकडचे’ म्हणून बाजूस सारले जातात. पुढें ते रद्दींत जातात. नाहीं तर मुद्रांकांचा शोकी राणीच्या छापाचा तुकडा कापून नेतो व खालील मजकूर वाऱ्यावर सोडतो. दीडशें वर्षें लोटलेल्या कागदास अलीकडचा म्हणणें हेंच आधीं हास्यास्पद आहे. त्यांतून मोडी वाचणारे दिवसेंदिवस थोडे होत आहेत.

ह्या कागदांत काय पाहावें ? एक, स्टांपाच्या पाठीवरील विकणाऱ्याचा शेरा; त्यांत तारीख, विकत घेणाराचें नांव व ठिकाण येतें, आणि कुळास स्टांप घेण्यास कोठें जावें लागलें तें कळतें. दोन, एकाच धनकोच्या नांवें दर तीन वर्षांनीं पालटलेलीं खतें एकत्र लावावींत. वर दाखविलेली शंभराच्या पांचशेंची चढण प्रत्यक्ष कितीदां झाली हें त्यावांचून कळणार नाहीं. तीन, सारा-पावत्यांवर लोकलफंड निराळा दाखविला आहे कीं नाहीं. चार, खतावर सही आहे, निशाणी आहे कीं नांगर काढला आहे, व ‘दस्तुर’ कोणाचें. पांच, कोर्टाची जागा व तारखांची संख्या. त्यावरून गेलेल्या दिवसांचा अंदाज बांधतां येईल. मात्र हीं घरचीं खाजगी पत्रें आहेत. ज्यांच्या वडिलांचें कर्ज त्यांत लिहिलें आहे, त्यांच्या परवानगीवांचून नांवें छापूं नयेत. आणि कागदाची नक्कल घेऊन मूळ कागद घरींच ठेवण्याचा मान त्यांस द्यावा.

शेवटीं एक सूचना. ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्याची एक सटीक आवृत्ति निघाली पाहिजे. मूळ पाठ जसाच्या तसा ठेवून प्रत्येक कराखालीं तो कोणत्या कायद्यानें व केव्हां बसला, प्रत्येक कचेरीच्या वर्णनाखालीं त्या वेळीं कोणती रीत चालू होती, आणि जेथें ग्रंथकर्त्याचें विधान कागदांशीं जुळत नाहीं तेथें तसें स्पष्टपणें, ह्याप्रमाणें टीपा असाव्या. भवभूतीच्या नाटकावर जगद्धरानें टीका लिहिली ती नाटक दुबळें होतें म्हणून नव्हे. संस्कृत ग्रंथांस जो मान आम्ही सहज देतों, तो ह्या मराठी ग्रंथास देण्यास आम्हांस संकोच वाटूं नये. अशा आवृत्तीस लागणारे अर्धे साहित्य छापील कायद्यांत तयार आहे. उरलेलें अर्धें पेठ, दिंडोरी, कळवण, चांदवड ह्या तालुक्यांतील घराघरांच्या रुमालांत तळाशीं पडलें आहे. तें वर काढण्याचें काम मंडळाच्या सभासदांनीं आपापल्या गांवापासून सुरू करावें, अशी आमची विनंति आहे.